बारावी खुर्ची

आमच्या वाडीत पवित्र गुरुवारी फादर ज्यांचे पाय धुणार असतात, ते बाराजण घरून पाय धुवून येतात.

यात हसण्यासारखं काही आहे हे आम्हाला कधी जाणवलं नाही. येशूनं शेवटच्या जेवणाच्या वेळी आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले होते. म्हणून ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी संध्याकाळी देवळात (आम्ही ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो) बाराजणांना वेदीपुढं खुर्च्यांवर बसवायचं आणि फादरांनी गुडघे टेकून त्यांचे पाय धुवायचे, अशी रीत आहे. आता फादर म्हणजे देवाच्या जागी. त्यांच्या हातात खाडीच्या चिखलानं माखलेले पाय कसे द्यायचे? म्हणून त्या दिवशी दुपारपासून घरोघरी वज्री सुरू होते. ज्या टाचांना वर्षभर कालवांचे खडक टोचले तरी कळत नाही, त्या टाचा बायका बादलीत भिजत घालतात, वाल भिजत घालावेत तशा. मग घासणं, मग खोबरेल तेल. एका घरातून तर एकदा हळद-चंदनाचा वास येत होता. संध्याकाळी फादर तांब्यातून पाणी ओतायचे आणि ते जसं ओतलं तसंच्या तसं निर्मळ परातीत पडायचं. आम्ही धन्य व्हायचो.

खुर्च्या मांडायचं काम माझं. देवळाची चावी, घंटा, मेणबत्त्या, फुलदाण्या, सगळं वडिलांकडून माझ्याकडं आलं. मी बोलतो कमी, आणि कमी बोलणाऱ्या माणसाबद्दल लोक आपोआप चांगलं बोलतात. मी मान खाली घालून बाकांमधला केर काढायचो आणि लोक म्हणायचे, संतमाणूस. खरं तर मान वर केली तर कोणी काही विचारील, एवढीच भीती असायची.

बाराजण जमवणं हे दरवर्षीचं संकट. वाडी लहान, त्यात कमावते पुरुष निम्मे मुंबईला, निम्मे आखातात नाहीतर बोटींवर. त्यामुळं वर्षानुवर्षं तेच ते पाय. शिवाय पुरुष राजी झाले तरी खुर्चीचा घोळ राहायचाच. पहिली खुर्ची संत पेत्राची, म्हणजे थोरल्या शिष्याची. तिच्यावर बसण्याचा मान बोटीवरच्या काकांचा. हे काका सगळा जन्म मालवाहू जहाजांवर स्वयंपाकी होते आणि पृथ्वीवरच्या प्रत्येक बंदरात कांदा काय भावानं मिळतो ते त्यांना तोंडपाठ. दुसरीपासून अकरावीपर्यंत तक्रार नसायची. पण बारावी खुर्ची! ती आमच्या वाडीच्या हिशेबानं यहूदाची, म्हणजे ज्यानं गुरूचा मुका घेऊन त्याला शत्रूच्या हाती दिलं त्याची. तसं कुठं लिहिलेलं नाही. पण वाडीला माहीत आहे. एका वर्षी तर तिच्यावर बसायला लागू नये म्हणून दोघे तरणेताठे गृहस्थ अकराव्या खुर्चीवर अर्धे-अर्धे बसले, आणि पाय धुतानाचं गाणं संपायच्या आत तिघेही, म्हणजे ते दोघे आणि खुर्ची, आडवे झाले.

तेव्हापासून बारावीवर मी बसायला लागलो. लोक म्हणाले, बघा, किती नम्र.

मला ती खुर्ची मापाची वाटायची. का, ते आता सांगतो. आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

मला एक धाकटं भावंड आहे. लहानपणी आम्ही त्याला भाऊ म्हणायचो, कारण दुसरं काही म्हणता येतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आमच्या देवळात उजवीकडं पुरुष बसतात आणि डावीकडं बायका. लहान मुलं आईजवळ डावीकडं, आणि मिसरूड फुटायच्या सुमारास मुलगे आपोआप उजवीकडं सरकतात. हा सरकेना. वडील असेपर्यंत कसंबसं निभावलं. वडील गेल्यावर चावी माझ्या हातात आली आणि त्याच वर्षी देवळाच्या सणाला तो आईची साडी नेसून, केसांत अबोलीचा वळेसर माळून आला आणि डावीकडं तिसऱ्या बाकावर आईशेजारी बसला. साडी नीट नेसली होती. मला वाटतं आईनंच नेसवली असणार.

उजवीकडून कोणीतरी खोकलं. नुसतं खोकलं, त्याला खोकला झालेलाही असेल. पण मी तरणा होतो, हातात नवी नवी चावी होती. मी त्याच्या दंडाला धरून त्याला दारापर्यंत आणलं आणि म्हणालो, "असं यायचं असेल तर ह्या दारात परत पाऊल टाकू नकोस."

माझा शब्दन्‌शब्द ऐकायची त्याला सवय होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तो माणगावला गेला आणि परत आला नाही.

पुढच्या रविवारी, तेव्हा सुट्टीवर आलेल्या काकांनी सहज विचारलं, "धाकटा दिसत न्हाय?"

"बोटीवर गेला," मी म्हणालो.

एकच वाक्य. आमच्या वाडीत न दिसणाऱ्या माणसाबद्दल हेच वाक्य चालतं आणि ते बहुतेक वेळा खरं असतं. पण बोट म्हटली की ती एका जागी राहत नाही, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. दर रविवारी मिस्सा, म्हणजे देवळातली उपासना, संपली की कोणीतरी विचारायचं, आता बोट कुठं? मी शाळेतला जुना नकाशा काढला. कोलंबो झालं, सिंगापूर झालं, रॉटरडॅम झालं. एकदा नकाशा बघायचा राहिला आणि काकांनी दारातच गाठलं. आदल्या दिवशी कॅलेंडरवर डोंगराचं एक चित्र पाहिलं होतं, तेच तोंडातून आलं. "स्वित्झर्लंडला आहे सध्या."

काकांनी माझ्याकडं पाहिलं. जगातली सगळी बंदरं तोंडपाठ असलेला माणूस. मग हळूच म्हणाले, "असंल, असंल. थंडी लई असंल तिकडं. स्वेटर नेलाय न्हवं?"

"नेलाय," मी म्हणालो.

आणि एवढ्यानं भागलं नाही. आमच्याकडं मिस्सेत लोकांच्या वतीनं प्रार्थना वाचतात, त्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. त्यांनी दर रविवारी एक प्रार्थना वाढवली: "समुद्रावर असलेल्या आपल्या सर्व भावांसाठी, विशेषतः वाडीतून दूर गेलेल्या आपल्या धाकट्या भावासाठी..." आणि सगळं देऊळ एका सुरात म्हणायचं, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक." मीही म्हणायचो. देवापुढं उभं राहून, नसलेल्या बोटीसाठी.

तो कुठं आहे ते मला माहीत होतं. एकदा एसटी माणगावात शिरताना महामार्गाच्या कडेला एका ब्युटी पार्लरच्या दारात ती उभी दिसली. हो, ती. उंच, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, कोणा नवरीच्या अंबाड्यातली पिन दातांत धरलेली. बघताक्षणी कळलं, ही आमची. ही अशीच असणार होती पहिल्यापासून. त्यानंतर माणगावला जाताना मी एसटीत त्या बाजूच्या खिडकीला बसणं सोडून दिलं.

मग आई गेली. मी कळवलं नाही. कबरीजवळ उभं राहून लोकांना सांगितलं, बोट भर समुद्रात आहे, सुट्टी नाही मिळाली. काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मधीच बोट थांबवता येत न्हाय रं," ते म्हणाले. मला रडू आलं, आणि लोकांना वाटलं आईसाठी.

अशी ती बारावी खुर्ची.

मग आमच्याकडं नवे फादर आले. तरुण, वसईकडचे, भरभर चालणारे. पापनिवेदनाला मी दर महिन्याला नेमानं जायचो आणि तीच तीन पापं सांगायचो: शेजाऱ्याच्या बकरीला दगड मारला, प्रवचनात डुलकी लागली, बायकोवर चिडलो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात फादर जाळीपलीकडून म्हणाले, "तुमची बकरी अजून जिवंत आहे ना?"

"आहे, फादर."

"बरं. दुसरं काही?"

"काही नाही, फादर."

मग त्यांनी बकरीपुरती क्षमा दिली.

पुढच्या वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात त्यांनी प्रवचनात बाँब टाकला. "गेल्या वर्षी पवित्र गुरुवारी मी ज्यांच्या पायांवर पाणी घातलं," ते म्हणाले, "ते पाय माझ्या तोंडाहून स्वच्छ होते. यंदा मला मळलेले पाय हवेत. जो धुवून येईल त्याला परत पाठवीन." डावीकडं कुजबुज झाली. उजवीकडं सगळ्यांनी आपापल्या पायांकडं बघितलं.

मिस्सेनंतर मी वस्त्रांची घडी घालत होतो तर फादर म्हणाले, "बाराव्या खुर्चीवर यंदा तुम्ही नको. ज्याला आपण दाराबाहेर ठेवलंय असा कोणीतरी आणा."

"कोण, फादर?"

"तुम्हालाच माहीत असणार. चावी तुमच्याकडं असते."

ते सहज बोलले की मुद्दाम, आजही सांगता येणार नाही. पण मी कामाला लागलो. सरळ माणसासारखा विचार केला: दाराबाहेरचा म्हणजे वाया गेलेला. वाडीत वाया गेलेले कोण?

पहिला धक्क्यावरचा इंजिनवाला. होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो, हात सोन्याचा, पण दुपारनंतर त्याला इंजिनं दोन-दोन दिसतात. मी त्याला सकाळी गाठलं. म्हटलं, फादरांनी बोलावलंय, पवित्र गुरुवारी तुझे पाय धुणार.

तो आधी खूश झाला. "माझे? का बरं?"

मी खोटं बोलायला नको म्हणून खरं सांगितलं. "यंदा जरा... तसे लोक घ्यायचेत."

"कसे लोक?"

"म्हणजे... जे देवळापासून दूर गेलेत."

त्यानं पाना खाली ठेवला. "मी काय नमुना हाय काय? शाळेतल्या तक्त्यावर दाखवतात तसा? हे बघा, मुलांनो, दारू पिणाऱ्याचं काळीज? जा, फादराला सांग, माझं पाय माझे मी धुतो. खाडी हाय मोप."

दुसरी पाववाली. आमच्याच वाडीची मुलगी. बोर्ली पंचतनच्या एका मुसलमान बेकरीवाल्याशी तिनं रजिस्टर लग्न केलं, तेव्हापासून देवळात आलेली नाही. पण सणाच्या जेवणाचे पाव तिच्याच भट्टीतून येतात, कारण तसे पाव दुसऱ्या कोणाला जमत नाहीत. मी सायकल तिच्या दुकानाला टेकवली आणि या वेळी शब्द जपून वापरले. म्हटलं, आम्ही तुला प्रेमानं बोलावतोय.

ती पावांच्या लाद्या सुट्या करत होती. "प्रेमानं? का रं बाबा, मी काय केलंय?"

"काही नाही. क्षमा..."

"कुणाची क्षमा? मी मागितली?" तिनं लादी फटकन आपटली. "माझा पाव चालतो देवळात, मी न्हाय चालत. आणि आता चालायला लागले तेबी पापीण म्हणून, समद्यांसमोर, खुर्चीवर? वा रं वा. पाय हायत मला. यायचं तेव्हा येईन मी, आणि बाकावर बसंन. खुर्चीवर बसवायचा तर तुझ्या घरचाच माणूस आण की. बोटीवरचा."

मी सायकलचं हँडल धरलं. "म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? माणगावच्या बोटीवरचा." आणि मग तिचा आवाज एकदम मऊ झाला, ते मला जास्त लागलं. "पाव घेऊन जा. गरम हायत."

घरी आलो. बायको अंगणात बोंबील उलटत होती. मी पावांची पिशवी धरून तिच्यासमोर उभा राहिलो.

"तुला माहीत आहे?" मी विचारलं.

"काय?"

"बोट."

तिनं बोंबील उलटायचं थांबवलं नाही. "अवो, बायकांच्या सगळ्या बाजूला म्हाईत हाय. गेल्या कैक वर्षांत वाडीतल्या एकूण एक नवरीचा मेकअप कुणी केलाय असं वाटतं तुम्हाला? माझ्या भाचीचा कुणी केला?"

"आणि पुरुषांच्या बाजूला?"

"काका तर दिवाळीला फराळ घेऊन जातात तिच्याकडं."

"मग मला कोणी बोललं का नाही?"

आता तिनं वर बघितलं. "तुमचं तोंड बघून कोण बोलणार? कुणी बोट म्हटलं की तुमचा चेहरा असा व्हायचा, जसं दात काढायला बसलाय. फादर आल्याबरोबर बायका त्यांना म्हणाल्या, त्याला सांगू नका, त्याला स्वतः सांगू दे. समदं देऊळ वाट बघतंय, अवो. तुम्हीच तेवढे येत न्हाय."

मी देवळाची घंटा रोज वाजवतो. पण माझ्यासाठी कोणी वाट बघत असेल, हे डोक्यात आलं नव्हतं.

पवित्र आठवड्याच्या मंगळवारी मी माणगावला गेलो. या वेळी एसटीत त्याच बाजूच्या खिडकीला बसलो. पार्लरचं काचेचं दार अर्धवट उघडून उभा राहिलो आणि पुढं पाऊल पडेना.

ती आत एका बाईंच्या चेहऱ्यावर हिरवा लेप लावत होती. मान न वळवता म्हणाली, "दादा, दारात उभा राहू नकोस. एसीची हवा जाते."

मी आत गेलो. खुर्चीवर आडव्या झालेल्या, डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवलेल्या त्या हिरव्या बाई ओठ न हलवता बोलल्या, "स्वित्झर्लंडहून आलात काय?"

आवाज ओळखीचा. दर रविवारी बोटीसाठी प्रार्थना वाचणारा.

"बाई, तुम्ही?"

"हसवू नका मला. लेप तडकेल," बाई म्हणाल्या आणि लेप तडकला.

"बस तिथं," धाकटी मला म्हणाली. "चपला काढ."

"कशाला?"

"काढ म्हणते ना. गिऱ्हाईक समजतील, नाहीतर दहा जणी विचारतील कोण आहे हा." आणि कोमट पाण्याचा एक निळा टब तिनं माझ्या पायांशी आणून ठेवला. मी नको नको म्हणेपर्यंत माझे पाय पाण्यात होते. खाली स्टुलावर बसून ती टाचा घासायला लागली. माझ्या टाचा म्हणजे सुकलेलं मिठागर. घासताना ती तोंडानं चक् चक् करत होती, आई करायची तसं.

मी डोक्यात पाठ करून आणलेलं वाक्य म्हटलं. "गुरुवारी देवळात ये. पाय धुवायला बाराजण बसवतात ना, त्यांतली बारावी खुर्ची..."

तिचा हात थांबला. "यहूदाची? इतक्या वर्षांनी बोलावतोस आणि ती खुर्ची देतोस?"

"मी बसतो तिच्यावर दरवर्षी."

"तू का बसतोस?"

आणि मग, पाय टबात, समोर हिरव्या बाई, रेडिओवर टाइल्सची जाहिरात, अशा ठिकाणी माझ्या तोंडून ते बाहेर पडलं. फादरांच्या जाळीपुढं जे कधी आलं नाही ते. म्हणालो, मी तुला दंडाला धरून बाहेर काढलं म्हणून. बोट मी बनवली म्हणून. आई गेली तेव्हा कळवलं नाही, तुला तिचं तोंड बघू दिलं नाही म्हणून.

तिनं टाच परत घासायला घेतली. मग म्हणाली, "बघितलं मी तिचं तोंड."

"कधी?"

"तेव्हाच. बाईंनी फोन केला होता. डोक्यावरून पदर घेऊन बायकांच्या मधे बसले होते मी, तिसऱ्या बाकावर. तू सगळ्यांना मेणबत्त्या वाटत आलास. मला पण दिलीस."

मला काही आठवेना.

"तू वर बघितलंच नाहीस," ती म्हणाली. "म्हणालास, वाकडी धरू नका, फरशीवर मेण सांडतं."

लेपाखालून बाईंचा हुंदका आला की हसू, कळलं नाही. माझं मात्र नक्की कळत होतं. तिनं माझा पाय टॉवेलनं पुसला, बोटांच्या मधे मधे, लहान मुलाचा पुसावा तसा.

"येईन मी," ती म्हणाली. "पण एक सांग. कोणी विचारलं, ही कोण, तर काय सांगशील?"

मी तोंड उघडलं. काहीच आलं नाही. इतक्या वर्षांची सवय.

"असू दे," ती म्हणाली. "गुरुवारपर्यंत विचार कर. पण बोटीवर मी परत जाणार नाही, दादा. मला बोट लागते."

गुरुवारी संध्याकाळी मी खुर्च्या मांडल्या. पुरुष एकेक करून आले आणि असे पाय आमच्या देवळानं कधी पाहिले नव्हते. फादरांच्या धाकानं प्रत्येकानं जमेल तेवढी घाण गोळा केली होती. काकांनी रविवारपासून पायांना पाणी लावलं नव्हतं आणि ते हे सगळ्यांना, बायकांच्या बाजूलासुद्धा, अभिमानानं सांगत होते. एकजण खास ओहोटीला खाडीत उतरून गुडघ्यापर्यंत चिखल लावून आला होता. अकराव्या खुर्चीवाला त्याच्याही पुढं गेला: पायांवरचा चिखल त्याला कमी वाटला म्हणून तो खडकांवर गेला आणि कालवांच्या शिंपल्यानं तळवा चिरून घेतला. त्याला टाके घालायला बोर्लीला नेलं.

"आता अकरावीवर तुम्ही बसा," फादर मला म्हणाले. नाही म्हणायला वेळ नव्हता. घंटा वाजवून मी धावत खुर्चीवर येऊन बसलो, आणि बसल्यावर आठवलं की माझे पाय मंगळवारपासून चकाकतायत. मी ते खुर्चीखाली ओढून घेतले.

ती आली. बायकोबरोबर आणि बाईंबरोबर. साधी मोतिया रंगाची साडी, केसांत अबोली. पाववालीही आली होती. इंजिनवाल्यानं दाराबाहेरूनच डोकावून बघितलं आणि पायरीवर बसून राहिला. धाकटी मधल्या वाटेनं चालत पुढं आली. कोणी खोकलं नाही. तिनं रिकामी बारावी खुर्ची बघितली आणि क्षणभर थांबली.

मी उठलो. अकरावी तिला दिली आणि बारावीवर जाऊन बसलो.

"बस, बस," पेत्राच्या खुर्चीवरून काका ओरडले, देवळात ओरडू नये एवढ्या मोठ्यानं. "गाडी लई लेट व्हती का गो?"

फादरांनी सुरुवात केली. पहिल्याच पायाला परातीतलं पाणी काळं झालं आणि फादरांचा चेहरा उजळला. तिसऱ्या पायाला पाणी बदलावं लागलं. चिखलवाल्यापाशी तर त्यांनी बाह्या वर सरकवल्या. तिच्यापाशी आले तेव्हा तिचे पाय एसटीच्या धुळीनं भरलेले होते, नखांना लाल रंग. फादरांनी ते जपून धुतले, पुसले आणि रीतीप्रमाणं त्यांचं चुंबन घेतलं. डावीकडून नाक ओढल्याचे आवाज आले. आमच्याकडच्या बायकांना हल्ली फार सर्दी होते.

मग माझ्यापुढं गुडघे टेकून त्यांनी हात पुढं केला. मी पाय देईना. त्यांनी ओढून घेतला आणि बघतच राहिले.

फादरांच्या छातीला मायक्रोफोन असतो. तो मीच लावतो आणि त्या घाईत बंद करायला मीच विसरलो होतो.

"हे काय?" देवळाच्या चारही कर्ण्यांतून फादर म्हणाले. "तुम्हीच? मी सांगितलं होतं ना, धुवून यायचं नाही? कोणी धुतले हे पाय?"

माझ्या शेजारी ती सरळ समोर बघत होती. माझ्याकडं बघून मला मदत करायची नाही, असं तिनं ठरवलेलं दिसत होतं. मी मान खाली घातली. खाली माझे पाय, बाळाच्या पायांसारखे गुलाबी. ते कोणी धुतले म्हणून सांगायचं?

"माझ्या बहिणीनं," मी म्हणालो.

"काय?" फादर वाकले. माइक माझ्या तोंडाजवळ आला.

"माझ्या बहिणीनं धुतले," मी म्हणालो आणि ते कर्ण्यांतून बाहेर पार धक्क्यापर्यंत गेलं असणार. "ही बसलीये ती. माझी धाकटी बहीण."

पहिल्या खुर्चीवरून काकांनी एवढा मोठा निःश्वास सोडला की समोरची मेणबत्ती हलली. "लागली एकदाची बोट," ते म्हणाले.

मग जे हसू फुटलं ते डावीकडून सुरू होऊन उजवीकडं गेलं आणि परत आलं. दारात इंजिनवाला मांडी थोपटत होता. फादरांनी माझ्या स्वच्छ पायांवर उरलेलं सगळं पाणी ओतलं, तांब्या उलटा करून.

प्रार्थनेच्या वेळी बाई पुढं आल्या. लेप लावून चेहरा फार छान दिसत होता. नेहमीचा कागद त्यांनी उघडला, "समुद्रावर असलेल्या" इथपर्यंत वाचलं, चष्मा वर केला आणि कागद घडी करून ठेवला. "सुखरूप घरी पोचलेल्यांसाठी," त्या म्हणाल्या. "आणि त्यांची वाट बघून दमलेल्यांसाठी."

"हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक," आम्ही म्हणालो.

धाकटी माझ्याकडं झुकली. मला वाटलं, काही हळवं बोलणार.

"डाव्या टाचेची भेग राहिली आहे," ती पुटपुटली. "नीट घासू दिली नाहीस. सारखं रडत होतास."